प्रतिध्वनी लयीत लावताना

गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके अशी ठरली आहे. एका ठोक्याला बरोबर अर्धा सेकंद. गिटारवाल्याने दुपारच्या सरावात डिले पेडलचा नॉब कानाने ऐकत ऐकत ३७५ मिलिसेकंदांवर आणून ठेवलाय, त्या जागी पांढऱ्या मार्करने बारीक खूणही केलीय. संध्याकाळी कार्यक्रम सुरू होतो, समोर गर्दी असते, ड्रमर रंगात येतो आणि लय नकळत १२४ वर जाते. त्याला कुणी हटकलं तर तो शपथेवर सांगेल की आपण तसूभर हललो नाही. ऐकणाऱ्यालाही चार ठोक्यांचा फरक कळत नाही. गाणं जरा चढलंय एवढंच वाटतं, आणि ते चांगलंच. पेडलला मात्र यातलं काही ठाऊक नाही. नव्या लयीत त्याने ३६३ मिलिसेकंदांनी आवाज परत द्यायला हवा, तो दुपारच्या खुणेला धरून ३७५ नेच देतोय. पहिला प्रतिध्वनी १२ मिलिसेकंद उशिरा येतो, कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा २४, तिसरा ३६, चौथा ४८. तिथवर गिटार आणि ड्रम यांचं सरळसरळ भांडण लागलेलं असतं आणि साउंडवाला मिक्सरमागून मान उंचावून गिटारवाल्याकडे बघायला लागतो.

डिले पेडलचं काम तसं साधं आहे. वाजवलेला स्वर साठवायचा आणि ठरावीक वेळाने परत ऐकवायचा. त्यावर बहुधा तीन नॉब असतात: किती वेळाने, किती वेळा, आणि किती मोठ्याने. हा परिणाम आपल्याकडे गिटार न ऐकणाऱ्यालाही पाठ आहे, कारण गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचा निवेदक 'रसिकहो' म्हणाला की मंडपभर तीनचार वेळा 'हो, हो, हो' ऐकू येतं. निवेदकाला लयीचं बंधन नाही, त्यामुळे त्याचा इको कितीही वेळाने आला तरी चालतो. गिटारचं तसं नाही. वाद्य वाजवण्याआधी तार सुरात लावतात तसा डिले लयीत लावावा लागतो, आणि सुराची तार एकदा लावली की निदान एक गाणं तरी टिकते, लयीचं तेवढंही नाही. कार्यक्रमात दर गाण्याला आणि कधी गाण्याच्या मध्येच हे लावणं पुन्हा करावं लागतं. दोन्ही हात गिटारवर अडकलेले असतात. उरतो पाय.

टॅप टेम्पो म्हणजे पायाने केलेलं हे लावणं. पेडलवरचं किंवा पेडलला जोडलेलं एक बटण गाण्याच्या लयीत दोनचार वेळा दाबायचं. पेडल त्या दाबांमधला वेळ मोजतं आणि तो डिलेचा वेळ म्हणून धरतं. ऐकायला इतकं सोपं आहे की हे पहिल्यापासून का नव्हतं, असा प्रश्न पडावा.

पहिल्यापासून नव्हतं, कारण बराच काळ डिलेचा वेळ ही लोखंडात आणि टेपमध्ये पक्की बसलेली गोष्ट होती. १९५० च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स अँपेक्सचे टेप रेकॉर्डर वापरून एकच झटपट प्रतिध्वनी मिळवत असे. एल्व्हिस प्रेसलीच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्सवर तो स्वच्छ ऐकू येतो. टेप रेकॉर्ड हेडवरून निघून प्लेबॅक हेडपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तोच डिले. टेप सेकंदाला १५ इंच पळत असेल आणि दोन हेडमध्ये दोन इंच अंतर असेल, तर १३३ मिलिसेकंद. लय कुठलीही असो, प्रतिध्वनी तेवढ्यानेच येणार. तो इतका आखूड आणि एकटा असतो की लयीशी त्याचं भांडण लागतच नाही. गाणाऱ्याचा आवाज जरा भरदार होतो, विषय संपला.

नंतर गिटारवाल्याला स्टेजवर नेता येतील अशी यंत्रं निघाली. अमेरिकेत माइक बॅटलच्या एकोप्लेक्समध्ये हेड पट्टीवर पुढेमागे सरकवता येई. मिलानच्या बिन्सन कंपनीच्या एकोरेकमध्ये टेपऐवजी फिरणारं चुंबकीय चाक होतं; पिंक फ्लॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या त्या तरंगत्या आवाजात या यंत्राचा वाटा मोठा आहे. रोलंडच्या १९७४ च्या स्पेस एकोत, म्हणजे आरई-२०१ मध्ये, तीन प्लेबॅक हेड होती आणि मोटरचा वेग कमीजास्त करायला नॉब होता. म्हणजे वेळ आता बदलता येऊ लागला, पण तो हाताने आणि कानानेच. एक स्वर छेडायचा, ऐकायचं, नॉब किंचित फिरवायचा, पुन्हा छेडायचा. प्रेक्षक वाट बघत असताना हा उद्योग किती वेळ करणार?

१९६९ साली फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँग्स्टर आणि टीर यांनी एक वेगळीच युक्ती काढली. आग विझवायला विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि पाण्याची बादली या हातातून त्या हातात पुढे जाते, तशी कपॅसिटरांची रांग. आवाजाचा क्षणाक्षणाचा नमुना विजेच्या भाराच्या रूपात पहिल्या कपॅसिटरमध्ये येतो आणि घड्याळाच्या, म्हणजे क्लॉकच्या, ठोक्यासरशी पुढच्यात सरकतो. शास्त्रज्ञांनी नावही तेच दिलं, बकेट ब्रिगेड. टेप नाही, मोटर नाही, पायाने दाबायच्या छोट्या डबीत बसेल एवढीच चिप. मात्सुशिताच्या एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये असे ४०९६ टप्पे होते. रांगेची लांबी पक्की, बदलता येतो तो फक्त क्लॉकचा वेग. क्लॉक सेकंदाला १०,००० असेल तर आवाज दुसऱ्या टोकाला २०४.८ मिलिसेकंदांनी पोचतो. डिले लांबवायचा तर क्लॉक मंद करायचा, आणि क्लॉक मंद केला की आवाजातली धार जाते, खरखर वाढते. ही अडचण लक्षात ठेवायची, कारण पुढे टॅप टेम्पो जोडताना ती पुन्हा आडवी येते.

१९८३ मध्ये बॉस कंपनीचं डीडी-२ आलं. छोट्या पेडलच्या आकारातला हा पहिला डिजिटल डिले, ८०० मिलिसेकंदांपर्यंत जाणारा. आवाजाचे आकडे करून मेमरीत ठेवायचे म्हटल्यावर वेळ मोजण्याचा प्रश्न कायमचा सुटायला हवा होता. तरीही वर नॉबच राहिला. १९९५ च्या डीडी-५ ला बाहेरून फूटस्विच जोडून लय देता येऊ लागली, आणि १९९९ मध्ये लाइन सिक्सचा हिरवागार डीएल-४ आला, त्याच्या चार बटणांतलं एक खास टॅपसाठी होतं. माझ्या मते त्या हिरव्या डब्याने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. त्यात अनेक जुन्या-नव्या डिलेंच्या नकला होत्या, त्यांचं कौतुक खूप झालं. पण टॅपचं बटण पायाखाली आल्यावर लोकांची सवय बदलली आणि बिनटॅपचं महागडं पेडल अपुरं वाटायला लागलं.

* * *

आता तो ३७५ चा आकडा. एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद असताना ३७५ कशाला? हा पाऊणपट आहे. पाश्चात्त्य संगीतात याला डॉटेड एट्थ म्हणतात आणि यू-टू या आयरिश बँडच्या 'एज' नावाच्या गिटारवाल्याने त्यावर आपली सगळी शैली उभी केली. १९८७ च्या 'द जोशुआ ट्री'ची सुरुवात ऐकली की हे लगेच कळतं. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने १९७९ मध्ये 'रन लाइक हेल'मध्ये हाच हिशेब वापरला होता.

गंमत अशी आहे. एका मात्रेचे चार समान भाग करा. उजव्या हाताने पहिल्या आणि तिसऱ्या भागावर वाजवा, बस्स, साधं दुगुणीत. डिले पाऊण मात्रेवर, म्हणजे तीन भागांवर लावलेला आहे. पहिल्या भागावर वाजलेला स्वर चौथ्या भागावर परत येतो. तिसऱ्यावर वाजलेला पुढच्या मात्रेच्या दुसऱ्या भागावर. म्हणजे हाताने रिकामे सोडलेले दुसरे आणि चौथे भाग यंत्र भरून काढतं, आणि ऐकणाऱ्याला चौगुणीत चाललेली सलग धार ऐकू येते. हात दुगुणीत, कान चौगुणीत. वर प्रत्येक प्रतिध्वनी थोडा हलका असल्यामुळे त्या धारेत आपोआप उठाव-बसाव येतो, जो नुसता हात जोरात चालवून येत नाही.

पूर्वी आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीने इलेक्ट्रिक गिटार हातात धरली नाही, आणि गिटार धरलेल्या पिढीने पाऊणकी ऐकली नाही. त्यामुळे गिटारवाल्यांच्या पेडलबोर्डावर लय आणि मिलिसेकंदांचे तक्ते चिकटवलेले असत. साठ हजाराला मिनिटातल्या ठोक्यांनी भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. त्याचं पाऊण, अर्धं, तिसरा हिस्सा असे पुढचे रकाने. टॅप टेम्पो असलेल्या पेडलवर हा तक्ता एका छोट्या नॉबमध्ये बसतो. पायाने नेहमीच्या मात्रा द्यायच्या, पाऊण करायचं की तिसरा हिस्सा हे पेडल बघतं. पाय साध्या मात्रेवर चालतो हे फार महत्त्वाचं, कारण गाणं म्हणता म्हणता पाऊणपटीने पाय आपटणं भल्याभल्यांना जमत नाही.

मात्र हा हिशेब नेमका हवा. साधा, मात्रेवर येणारा प्रतिध्वनी थोडा हलला तर तो मूळ स्वराच्या आडोशाला लपतो. पाऊणपटीचा प्रतिध्वनी रिकाम्या जागेत एकटा पडतो, त्याला लपायला कुणी नसतं.

* * *

प्रत्यक्ष जोडणीत पहिली ठेच लागते ती स्विचपाशी. बाहेरून टॅप स्विच घेणाऱ्या पेडलला मागे किंवा बाजूला एक जॅक असतो. आतमध्ये त्या जॅकच्या टोकाला एका रेझिस्टरमधून तीन किंवा पाच व्होल्ट दिलेले असतात. स्विच दाबला की ते टोक ग्राउंडला टेकतं, व्होल्टेज शून्यावर येतं आणि पेडलमधला मायक्रोकंट्रोलर समजतो की दाब पडला. म्हणजे लागतं काय? एक स्विच, एक मोनो जॅक आणि दोन वायरी. कुणीही घरी करू शकतो. या वायरीतून आवाज जात नाही, त्यामुळे भारी केबलचीही गरज नाही. डबा मात्र जड घ्यावा; विजेच्या बोर्डाचा प्लास्टिकचा डबा पाय पडला की स्टेजभर पळतो.

बाजारात 'गिटार पेडलचा स्विच द्या' म्हटलं की बहुतेक ठिकाणी नऊ पायांचा खटका हातात पडतो. तो एकदा दाबला की चालू राहतो, पुन्हा दाबला की बंद. पेडल चालू-बंद करायला तो उत्तम, टॅपसाठी निरुपयोगी. कारण पहिल्या दाबाला जोडणी होते, दुसऱ्याला तुटते, तिसऱ्याला पुन्हा होते. पेडलला एकाआड एक दाबच दिसतात. तुम्ही अर्ध्या सेकंदाने पाय मारताय आणि पेडल एक सेकंद धरून बसलंय. पेडलवरचा दिवा तुमच्या पायाच्या निम्म्या वेगाने लुकलुकत असेल तर दोष निम्म्या वेळा इथेच असतो. टॅपला दाबेपर्यंतच जोडला जाणारा, पाय उचलला की सुटणारा, मोमेंटरी स्विच लागतो.

दुसरी भानगड उलटसुलट जोडणीची. काही कंपन्यांच्या पेडलला न दाबलेला स्विच उघडा हवा असतो, काहींना नेमका उलटा, न दाबता जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा. म्हणून काही फूटस्विचांच्या अंगावर पोलॅरिटीची लहानशी सरकपट्टी असते. बॉसच्या एफएस-५यू वर ती आहे. ही पट्टी चुकीच्या बाजूला असली तरी टॅप बहुधा चालतो, आणि तिथेच माणूस फसतो. पेडल दाबाऐवजी पाय उचलण्याची वेळ मोजत असतं, आणि एकसारखा पाय मारणाऱ्याचं उचलणंही एकसारखंच असतं. मात्र पेडलच्या लेखी बटण सतत दाबलेलं आहे. बटण दाबून धरण्याला ज्या पेडलमध्ये वेगळं काम दिलेलं असतं, तिथे ते काम वाटेल तेव्हा सुरू होतं आणि पेडल बिघडलंय असं समजून लोक ते दुरुस्तीला देतात.

तिसरी गोष्ट पिनची. काही पेडलांत एकाच जॅकवर दोन स्विच बसवायची सोय असते, एक टोकावर, एक मधल्या कड्यावर. तिथे साधी मोनो पिन घातली की मधलं कडं आपसूक ग्राउंडला टेकतं, आणि दुसरा स्विच कायम दाबलेला राहतो. या तीनही गोष्टी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन मिनिटांत तपासता येतात: न दाबता बीप येतो का, दाबल्यावर येतो का, सोडल्यावर थांबतो का. पेडल उघडण्याआधी हे करावं. वॉरंटी वाचते.

* * *

ज्या पेडलमध्ये टॅपच नाही, त्यात तो घालणं ही खरी मजा. पुण्यात माझा एक मित्र दिवसा कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री पेडलं उघडतो. त्याच्या टेबलावर नेहमी एकच चिप विखुरलेली दिसते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर 'इकोची आयसी' मागितली, की काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "टू थ्री डबल नाइन ना? किती देऊ?" पीटी२३९९. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची ही चिप मुळात कराओकेच्या यंत्रांसाठी निघाली. स्वस्त कराओके मिक्सरमध्ये असते ती हीच, आणि जगभरातल्या हौशी पेडलकारांनी बनवलेल्या शेकडो डिले पेडलांमध्येही हीच. तिच्या पोटात ४४ किलोबिट मेमरी आहे, पाच व्होल्टवर चालते, आणि वेळ ठरवायला तिची सहा नंबरची पिन आहे. त्या पिनपासून ग्राउंडपर्यंत जेवढा रेझिस्टन्स, त्या मानाने डिले. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे अर्ध्या किलोओहमला ३१.३ मिलिसेकंद, २७.६ किलोओहमला ३४२.

मधला हिशेब जवळजवळ सरळ रेषेत जातो. किलोओहममागे साधारण साडेअकरा मिलिसेकंद. ३७५ हवे असतील तर साडेतीस किलोओहमच्या आसपास. कंपनीच्या तक्त्यापलीकडे ५० किलोओहमपर्यंत गेलं तर सहाशेच्या घरात डिले मिळतो, पण आवाज गढुळतो. चिप डिजिटल असली तरी अडचण तीच: मेमरी तेवढीच, लांबवायचं तर क्लॉक मंद, आणि क्लॉक मंद म्हणजे खरखर.

साध्या पेडलमध्ये सहा नंबरच्या पिनला नॉबचा पॉट, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा भाग, जोडलेला असतो. मित्र तो काढतो आणि तिथे डिजिटल पॉट लावतो. ही चिप मायक्रोकंट्रोलरच्या हुकमावरून स्वतःचा रेझिस्टन्स २५६ पायऱ्यांत बदलते. ५० किलोओहमचा घेतला तर एक पायरी १९५ ओहमची, म्हणजे डिलेत दोन-सव्वादोन मिलिसेकंदांची. कानाला एवढं पुरतं. सोबत एक-दोन किलोओहमचा साधा रेझिस्टर ओळीत ठेवायचा, कारण वीज येताक्षणी सहा नंबरच्या पिनवर रेझिस्टन्स फार कमी असला तर पीटी२३९९ अडकून बसते आणि पेडल मुकं होतं.

आता अवघड भाग. रेझिस्टन्सवरून वेळ काढायचं सूत्र कागदावर छान दिसतं, पण डिजिटल पॉटचा एकूण रेझिस्टन्स छापलेल्या आकड्यापेक्षा वीस-तीस टक्के इकडे-तिकडे असू शकतो, आणि पीटी२३९९ च्या दोन चिपाही एकाच रेझिस्टन्सला सारखा वेळ देतीलच असं नाही. डिले २० टक्के हलला तर पाऊणपटीचा सगळा हिशेब कोलमडतो. काहीजण प्रत्येक पेडलचा तक्ता हाताने मोजून मायक्रोकंट्रोलरमध्ये भरतात. मित्राची पद्धत मला जास्त पटली. या चिपच्या पाच नंबरच्या पिनवर तिचा स्वतःचा क्लॉक बाहेर येतो. क्लॉक २ मेगाहर्ट्झ असताना डिले ३४२ मिलिसेकंद, २२ असताना ३१; म्हणजे दोहोंचा गुणाकार सगळीकडे जवळपास सारखाच, ६८४ च्या आसपास. मग रेझिस्टन्सच्या नादाला लागायचंच कशाला? मायक्रोकंट्रोलरने पाच नंबरच्या पिनवरचे ठोके मोजायचे, ३७५ मिलिसेकंदांसाठी १.८२ मेगाहर्ट्झ हवेत हे ठरवायचं, आणि तेवढे येईपर्यंत पॉट एकेक पायरी वर-खाली करायचा. पॉट खोटा असो, चिप जरा वेगळी असो, शेवटी आकडा जुळतो.

मी गेलो त्या रात्री ब्रेडबोर्डवर हे सगळं चालत होतं, वेळ बिनचूक होती, आणि तरी स्पीकरमधून दर मात्रेला बारीक 'टिक' ऐकू येत होतं. गिटारचा आवाज बंद केला तरी टिक. त्याने पॉट काढून पाहिला, मायक्रोकंट्रोलरचा क्लॉक बदलून पाहिला. शेवटी टॅपचा दिवाच उपटला आणि टिक थांबलं. लय दाखवणारा लाल दिवा लागताना क्षणभर जो करंट ओढत होता, तो आवाजाच्या भागाशी एकाच ग्राउंडच्या वायरीतून जात होता. दिव्याची वायर वेगळी करून थेट पॉवरच्या टोकापाशी नेली, त्याचा रेझिस्टर वाढवून उजेड कमी केला, शेजारी एक कपॅसिटर बसवला. मग शांतता. तयार पेडलांतही हा दोष सापडतो; विकत घेताना आवाज पूर्ण उघडून, काही न वाजवता अर्धा मिनिट ऐकावं.

या जोडणीचा एक परिणाम आहे, दोष म्हणायचा की गंमत ते ज्याचं त्याने ठरवावं. प्रतिध्वनी चालू असतानाच नवी लय दिली, तर चिपच्या मेमरीत आधीच शिरलेला आवाज नव्या वेगाने बाहेर पडतो. क्लॉक वाढला की तो सुरात वर घसरतो, कमी झाला की खाली. टेपच्या यंत्रांतही मोटरचा वेग बदलला की असंच होई. पूर्ण डिजिटल पेडलं हे टाळू शकतात: आवाज ठरलेल्या वेगानेच वाचायचा, फक्त मेमरीतली वाचायची जागा बदलायची आणि जुन्या-नव्या जागांचे आवाज क्षणभर एकमेकांत मिसळायचे. विलंबित गाण्यात ती घसरण मला आवडते. जलद गाण्यात मात्र गिटारवाला थोडी घेऊन आलाय असं वाटतं.

* * *

मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्राम कुणी लिहिला आहे यावर पेडल शहाणं की मूर्ख ते ठरतं. धातूचा स्विच एकदा दाबला तरी आतले पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि मायक्रोकंट्रोलरला तेवढ्यात पाचसहा दाब दिसतात. म्हणून पहिल्या दाबानंतर ३०-४० मिलिसेकंद कानाडोळा करायचा. मिनिटाला ३०० च्या लयीतसुद्धा दोन ठोक्यांत २०० मिलिसेकंद असतात, त्यामुळे खरा दाब हुकत नाही. दोन सेकंदांत पुढचा दाब आला नाही तर आधीचं विसरायचं, नाहीतर मागच्या गाण्याचा शेवटचा दाब या गाण्याच्या पहिल्याशी जोडला जाऊन भलताच आकडा येतो. आलेला वेळ चिपच्या आवाक्याबाहेर असेल, समजा ६० च्या लयीत पूर्ण सेकंदाचा, तर तो अर्धा करायचा. लयीत राहतो हे महत्त्वाचं. काही स्वस्त पेडलं अशा वेळी नुसती आपल्या कमाल मर्यादेला जाऊन थांबतात, मग गाण्याची लय एक आणि इकोची दुसरीच.

खरा प्रश्न माणसाच्या पायाचा आहे. माणूस लयीत टॅप करतो म्हणजे नेमकं काय करतो? मेट्रोनोमबरोबर बोट टेकवायला सांगितलं तर बहुतेक माणसं ठोक्याच्या किंचित आधी टेकवतात. मानसशास्त्रज्ञांनी यावर भरपूर प्रयोग केले आहेत, आणि गाणं-बजावणं शिकलेल्यांमध्ये ही घाई कमी दिसते. टॅप टेम्पोला या घाईने काही फरक पडत नाही. प्रत्येक दाब सारखाच लवकर असेल तर दोन दाबांमधलं अंतर बरोबरच येतं. वजाबाकीत घाई उडून जाते. त्रास देतो तो एकेका दाबाचा वेगवेगळा चुकारपणा. एक दाब २० मिलिसेकंद लवकर आणि पुढचा २० उशिरा पडला तर ५०० चे ५४० होतात, १२० ची लय १११ वर येते. दोनच दाबांवर विसंबलेलं पेडल हा आकडा प्रामाणिकपणे धरून ठेवतं.

म्हणून चांगली पेडलं चारपाच दाबांची सरासरी काढतात. पाच दाबांत चार अंतरं. त्यांची बेरीज करून चाराने भागलं की मधले सगळे दाब एकमेकांत खपतात, उरतो फक्त पहिला आणि शेवटचा. तोच ४० मिलिसेकंदांचा चुकारपणा आता चार अंतरांत वाटला जातो, वाट्याला दहा येतात. मधला एखादा दाब ढळला तरी चालेल, पहिला आणि शेवटचा नीट मारा. पेडल शिकवताना हे कुणी सांगत नाही. एक दाब पूर्णच हुकला तर काय करायचं हे मात्र प्रोग्रामवर सोपवावं लागतं. शहाणा प्रोग्राम दुप्पट लांब अंतर ओळखतो आणि ते वगळतो.

* * *

स्टेजवर टॅप कधी मारायचा, याचं उत्तर ड्रमरच्या काठ्यांत आहे. गाणं सुरू करताना तो काठीवर काठी आपटून वन टू थ्री फोर देतो. त्या चारही ठोक्यांवर पाय मारला तर पहिला स्वर वाजायच्या आधी तीन अंतरं पेडलच्या हाती लागतात. टाच जमिनीवर, पंजा स्विचवर. पाय आख्खा उचलून मारणाऱ्याचा तोल जातो आणि ठोकाही. स्विच पेडलबोर्डात मागच्या रांगेत असेल तर हे जमत नाही, म्हणूनच बाहेरच्या सुट्या टॅप स्विचला अर्थ आहे. तो माइक स्टँडपाशी, माणूस जिथे उभा असतो तिथे ठेवता येतो. आणि काठ्यांची लय म्हणजे गाण्याची लय असं दर वेळी नसतं. मोजणी एका लयीत, पहिल्या दोन आवर्तनांत गाणं बसतं दुसऱ्याच लयीत. जाणती मंडळी गाणं बसल्यावर गुपचूप पुन्हा चार टॅप मारतात.

सगळा बँड क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यांवर, वाजवत असेल तर यातलं काही लागत नाही. १९८३ पासून चालत आलेल्या मिडीच्या व्यवस्थेत एका मात्रेला २४ ठोके पाठवून सगळ्या यंत्रांना एकाच लयीत बांधता येतं. पेडलला ती केबल जोडली की पाय मोकळा. मोठ्या शोमध्ये हेच रास्त. पण ढोलकी किंवा तबला सोबत घेऊन वाजवणाऱ्या बँडला क्लिक लावणं मला पटत नाही. तिथे लय चढत जाण्यातच रंग असतो. अशा चढत्या लयीत मात्र टॅपलाही मर्यादा आहे, कारण टॅप मारेपर्यंत लय पुढे गेलेली असते. तिथे लांब, चारचार वेळा परतणारा डिले ठेवूच नये. एकदोन प्रतिध्वनींवर आणावा आणि लय स्थिर झाली की पुन्हा उघडावा.

पेडल घेताना किंवा बनवताना शेवटचं एक तपासून घ्यावं: नॉब आणि टॅप दोन्ही असतील तर कुणाचं चालतं. बहुतेक पेडलांत शेवटी जो हलला त्याचं. टॅपने ३६३ बसवल्यावर नॉबला नुसता धक्का लागला तरी वेळ नॉबच्या जागेवर उडी मारतो. मित्राच्या प्रोग्राममध्ये नॉब बऱ्यापैकी फिरल्याशिवाय त्याची दखलच घेतली जात नाही, आणि पेडल बंद करून चालू केलं तरी शेवटची टॅप केलेली लय लक्षात राहते. मध्यंतरानंतर दुसरा भाग त्याच गाण्याच्या लयीतून उचलायचा असेल तर पाय लावायचीही गरज पडत नाही.